यादीबाहेरचे मास्तर

एप्रिल २०२१ मध्ये, महामारीची दुसरी लाट उसळलेली असताना, तेलंगण सरकारने एक निर्णय जाहीर केला. मान्यताप्राप्त खासगी शाळांतील शिक्षक व शिक्षकेतर कर्मचारी यांना, शाळा बंद आहेत तोवर, दरमहा २,००० रुपये आणि २५ किलो तांदूळ द्यावयाचे. रक्कम थेट बँकेच्या खात्यात, तांदूळ रेशनच्या दुकानातून. रक्कम काही मोठी नव्हती. तिच्यात घरभाडेही निघाले नसते. परंतु सरकारी तिजोरीतून ज्यांना कधी एक छदामही मिळाला नव्हता, अशा मास्तरांचे नाव त्या दिवशी प्रथमच एका सरकारी यादीत लागले.

बीड जिल्ह्यातील खासगी शाळांच्या शिक्षकांनी ही बातमी वाचली असेल तेव्हा त्यांच्या मनात काय आले असेल? बीड आणि तेलंगण हे एकेकाळी एकाच निजामी राज्याचे मुलूख. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत दोन्हीकडचा कारभार हैदराबादेहून चाले. त्यानंतर मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला. साडेसहा दशकांनंतर एकाच संकटात एकीकडच्या खासगी शाळेतल्या शिक्षकाला तांदळाचे पोते मिळाले, दुसरीकडच्याला मिळाले नाही. असे का झाले याचे उत्तर एखाद्या मंत्र्याच्या दयाबुद्धीत किंवा कठोरपणात शोधण्याची आपल्याला सवय आहे. मला ते उत्तर शिक्षणाच्या अनुदानाच्या इतिहासात दिसते. संकटकाळात सरकारचा पैसा नव्या वाटा क्वचितच पाडतो. आधी खणून ठेवलेल्या पाटांतूनच तो वाहतो. ज्याच्या शेतापर्यंत पाट आलेला नाही, त्याच्या शेतात धरण भरलेले असतानाही पाणी येत नाही.

प्रथम २०२० सालातील परिस्थिती ध्यानात घेऊ. मार्चच्या मध्यास राज्यातील शाळा बंद झाल्या. त्यासाठी जो कायदा लागू करण्यात आला तो १८९७ सालचा, म्हणजे प्लेगच्या धामधुमीत इंग्रजांनी केलेला साथरोग कायदा. त्याच प्लेगमध्ये, १० मार्च १८९७ रोजी, रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांचा अंत झाला होता. पाठोपाठ २४ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून देशभर टाळेबंदी आली. बीड जिल्ह्याच्या दृष्टीने ही वेळ फार वाईट होती. दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात गेलेले ऊसतोड मजूर परतण्याचे ते दिवस. राज्यात सव्वा लाखाहून अधिक मजूर साखर कारखान्यांच्या परिसरात अडकून पडले, आणि १७ एप्रिलला सरकारने परवानगी दिल्यावर तपासणी होऊन ते गावी निघाले. जिल्ह्याची अर्थव्यवस्था या कोयत्यावर आणि कापसावर उभी आहे. तालुक्याच्या गावातील छोटी इंग्रजी शाळाही शेवटी त्याच पैशावर चालते. पालक कोणी दुकानदार, कोणी जीपचालक, कोणी दोन-चार एकरांचा शेतकरी, कोणी मुकादम. यांची फी वर्षाच्या आरंभी थोडी आणि वार्षिक परीक्षेच्या तोंडावर उरलेली, अशी भरली जाते. परीक्षाच झाली नाही. उरलेली फीही आली नाही.

आता शिक्षकांकडे वळू. जिल्हा परिषदेच्या व अनुदानित शाळांतील शिक्षकांचा पगार चालू राहिला. मार्च २०२० चा पगार सरकारने दोन टप्प्यांत दिला, त्यावरूनही बरीच कुरकुर झाली. पण पगार आला. या शिक्षकांनी घरोघर सर्वेक्षण केले, तपासणी नाक्यांवर उभे राहून रात्री काढल्या, हे नमूद करायलाच हवे. विनाअनुदानित शाळांतील शिक्षकाचा पगार मात्र फीतून येत असे, आणि फी थांबली तसा तोही थांबला किंवा अर्ध्यावर आला. त्या दोन वर्षांत महाराष्ट्रभर पदवीधर, बी. एड. झालेली माणसे भाजीची हातगाडी लावताना, रंगकाम करताना, दुसऱ्याच्या शेतावर रोजाने जाताना दिसली.

मुलांचीही अशीच विभागणी झाली. शाळा बंद असताना पोषण आहाराचा तांदूळ व कडधान्य मुलांच्या घरी देण्यात आले. पण ही योजना मुळातच शासकीय व अनुदानित शाळांपुरती. एकाच गल्लीतल्या, एकाच उत्पन्नाच्या दोन घरांपैकी एका घरातल्या मुलाला धान्य मिळाले, दुसऱ्याला नाही, कारण दुसरा गळ्यात टाय बांधून शाळेत जात असे. आपल्या वाचकांना हे चित्र परके नाही. आपल्या कित्येक धर्मग्रामांच्या आवारात एकाच इमारतीत मराठी माध्यमाचा अनुदानित विभाग आणि इंग्रजी माध्यमाचा विनाअनुदानित विभाग भरतो. मधल्या सुटीत दोन्हीकडच्या बाई एकाच खोलीत डबा उघडतात. महामारीत त्या एकीचा पगार शालार्थ प्रणालीतून बँकेत जमा होत राहिला, दुसरीचा व्यवस्थापन समितीच्या चर्चेत अडकला. अशा समित्यांवर बसणे हा धर्मगुरूच्या वाट्याला येणारा नित्याचा भार आहे, म्हणून हे अंतर मला ऐकीव नाही.

ही रेघ कोणी ओढली? तिचा आरंभ १९ जुलै १८५४ च्या वूडच्या खलित्यापासून करावा लागतो. साऱ्या हिंदुस्थानात शाळा काढणे आपल्याला परवडणार नाही हे कंपनी सरकारने ओळखले आणि खासगी शाळांना साहाय्यक अनुदान देण्याचे तत्त्व स्वीकारले. शाळा कोणत्या धर्माच्या माणसांनी चालवली आहे हे पाहायचे नाही. लौकिक शिक्षण चांगले असावे, जबाबदार व्यवस्थापन असावे, तपासणीस मोकळीक असावी, थोडी का होईना फी घ्यावी, इतक्या अटी. मिशनरी शाळांना याचा मोठा आधार झाला. पण अनुदान ही किती चंचल वस्तू आहे, याचा अनुभव पुण्यात जोतीराव फुले यांच्या शाळांना आलाच होता. त्या शाळांना दक्षिणा प्राइझ फंडातून मदत मिळत असे आणि काही युरोपीय गृहस्थांच्या देणग्याही असत. १८५७ च्या उठावानंतर देणग्या आटल्या, सरकारी पाठबळही सैल झाले. व्यवस्थापनातील मतभेदांचीही त्यात भर पडली असली तरी थोड्याच काळात त्या शाळा बंद पडल्या. लोकांच्या औदार्यावर चालणारी शाळा संकटाच्या पहिल्याच धक्क्याला कोलमडते, याचे महाराष्ट्रातील हे जुने उदाहरण होय.

बीडला मात्र वूडचा खलिता लागूच नव्हता. निजामाच्या राज्यात शिक्षणाचे धोरण वेगळे. माध्यमिक व वरच्या शिक्षणावर उर्दूची छाप होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. मराठी मुलांसाठी लोकांनी काढलेल्या शाळांकडे दरबार संशयाने पाही आणि परवानगीच्या अटींनी त्यांची वाट अवघड करी. अशा काळात त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि बीड जिल्ह्यात अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा यांनी जे काम केले ते मराठवाड्याच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिले गेले आहे. स्वामी रामानंद तीर्थ यांनी या दोन्ही ठिकाणी मास्तरकी केली आणि तेथूनच ते हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या नेतृत्वापर्यंत पोहोचले. खासगी शाळा म्हणजे त्यागी माणसांनी पदरमोड करून चालवलेली शाळा, ही प्रतिमा मराठवाड्याच्या मनात तेव्हा जी ठसली ती पुढे फार दिवस टिकली. तिचा एक तोटाही झाला, असे मला वाटते. मास्तराने उपाशी राहून शिकवावे, यात काही विपरीत आहे असे समाजाला वाटेनासे झाले.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर हळूहळू खासगी माध्यमिक शाळांचे वेतन सरकारी तिजोरीतून मिळू लागले. १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती अधिनियम आणि त्याखालची १९८१ ची नियमावली यांनी शिक्षकाला संस्थाचालकाच्या लहरीपासून बरेच संरक्षण दिले. हा या साऱ्या इतिहासातला सर्वांत उजळ कालखंड म्हणावा लागेल.

मग पैसा पुरेनासा झाला. नवी शाळा हवी, पण तिचा पगार सरकारवर नको, अशी कोंडी झाली आणि तिच्यातून एक शब्द जन्माला आला : ‘कायम विनाअनुदानित’. २००१ पासून या तत्त्वावर शाळांना परवानग्या मिळाल्या. २००९ साली इंग्रजी माध्यम वगळून इतर शाळांच्या बाबतीत ‘कायम’ हा शब्द काढून टाकण्यात आला, म्हणजे पुढेमागे अनुदान मिळेल अशी आशा लावण्यात आली. २०१६ मध्ये पात्र शाळांना २० टक्के अनुदान देण्याचे ठरले. पहिल्या शंभर टक्के पगाराची वाट पाहता पाहता निवृत्तीच्या वयाला पोहोचलेले शिक्षक या महाराष्ट्रात आहेत. इकडे २०१२ च्या अधिनियमाने स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा आणखी एक वर्ग निर्माण केला. त्यांनी सरकारकडे मागावयाचेच नाही, ही त्यांच्या जन्माची अट. महामारी आली तेव्हा बीडच्या अकराही तालुक्यांत शाळांची ही अशी उतरंड उभी होती, आणि शेवटच्या पायरीवर उभ्या असलेल्या शिक्षकाचे नाव कोणत्याही वेतनपत्रकात नव्हते.

महाराष्ट्राला संकटात झटपट मदत वाटता येत नाही, असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. बीडच्या म्हाताऱ्या माणसांना १९७२ चा दुष्काळ विचारा. खडी फोडण्याची कामे निघाली, सुकडी वाटली गेली, आणि लाखो माणसे जगली ती हजेरीपटाच्या जोरावर. मस्टरवर नाव लागले की हप्त्याला मजुरी. वि. स. पागे यांनी जिचा पाठपुरावा केला ती रोजगार हमी योजना याच अनुभवातून कायद्यापर्यंत गेली आणि पुढे साऱ्या देशाला आदर्श ठरली. पुढील दुष्काळांत टंचाईग्रस्त गावांतील दहावी-बारावीच्या मुलांची परीक्षा फी माफ करण्याचीही रीत पडली. शेतकरी, मजूर, विद्यार्थी यांच्यासाठी आपल्याकडे दुष्काळसंहिता आहे. शाळाच बंद पडेल, असा दुष्काळ मात्र कोणी कल्पिलाच नव्हता.

२०२० नंतर सरकारने खासगी शाळांबाबत जे निर्णय घेतले ते बहुतेक पालकांच्या अंगाने घेतले. ८ मे २०२० च्या आदेशाने फीवाढ रोखण्यात आली. जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. ३ मे २०२१ रोजी राजस्थानच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, न वापरलेल्या सोयींपोटी १५ टक्के फी कमी करावी आणि उरलेली हप्त्यांनी घ्यावी, असा निकाल दिला. त्याच धर्तीवर महाराष्ट्राने १२ ऑगस्ट २०२१ ला १५ टक्के कपातीचा आदेश काढला. पालकांची ओढाताण पाहता यात अन्याय्य असे काही नव्हते. पण पालकाला दिलेली ही सवलत सरकारच्या खिशातून नव्हती, शाळेच्या खिशातून होती. आणि छोट्या शाळेचा खिसा म्हणजे मास्तरांचा पगार.

जो एकच पाट सरकारी तिजोरीतून विनाअनुदानित शाळेपर्यंत जात होता तो शिक्षणहक्क कायद्याचा. या कायद्यानुसार दुर्बल घटकांतील २५ टक्के मुलांना खासगी शाळेने प्रवेश द्यावयाचा आणि त्यांच्या फीची प्रतिपूर्ती सरकारने करावयाची. संकटात निदान हा पाट भरून वाहायला हवा होता. झाले उलटे. दर मुलामागे १७,६७० रुपयांचा दर २०२०-२१ साठी ८,००० वर आणण्यात आला. शाळा बंद, म्हणून खर्च कमी, असा हिशेब त्यामागे होता. वीज, पाणी, खडू यांचा खर्च कमी झाला हे खरेच. पण शाळेच्या खर्चात खडू किती आणि पगार किती, हे कोणत्याही मुख्याध्यापकाने सांगितले असते. जुनी थकबाकी राहिली ती वेगळीच. पुढे दर पुन्हा १७,६७० झाला, पण तेव्हा लाट ओसरली होती.

आपल्या शाळांना तर हा पाटही नव्हता. ६ मे २०१४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळा शिक्षणहक्क कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या. त्या निकालाचे आपण स्वागत केले, व ते योग्यच होते. मात्र स्वायत्ततेबरोबर प्रतिपूर्तीही गेली. केंद्राची आपत्कालीन कर्जहमी योजना आली, पण तिचा आधार आधीच्या कर्जाच्या थकीत रकमेवर; ज्या संस्थेने काटकसर करून कर्जच काढले नव्हते तिला त्यातून काय मिळणार? आणि सप्टेंबर २०२० मध्ये विदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली : एका संस्थेने घेतलेली देणगी दुसऱ्या संस्थेला देता येणार नाही. बीड जिल्हा ज्यात मोडतो तो औरंगाबादचा धर्मप्रांत, १९७७ साली स्थापन झालेला, विस्ताराने अफाट आणि लोकसंख्येने लहान. मोठ्या संस्थांनी लहानांना हात द्यायचा, ही अशा मुलखातील जुनी रीत; नेमकी त्याच वेळी ती अडली.

या ठिकाणी अमेरिकेचे उदाहरण पाहणे उद्बोधक ठरेल. तेथे राज्यसंस्था आणि धर्मसंस्था यांच्यामध्ये भिंत असल्याचे आपण ऐकतो. २०२०-२१ मध्ये तेथील कॅथलिक शाळांची पटसंख्या ६.४ टक्क्यांनी घटली आणि २०० हून अधिक शाळा बंद झाल्या. मार्च २०२० च्या पहिल्या मदत कायद्यातील खासगी शाळांच्या वाट्यावरून न्यायालयात तंटे झाले. अखेर डिसेंबर २०२० मध्ये तेथील संसदेने खासगी शाळांसाठी पावणेतीन अब्ज डॉलर्सचा स्वतंत्र आपत्कालीन निधी मंजूर केला आणि मार्च २०२१ मध्ये तेवढाच पुन्हा. दुसऱ्या खेपेस गरीब मुलांचे प्रमाण लक्षणीय असलेल्या शाळांनाच तो द्यावा अशी अट घालून. वाटपाची पद्धत विचारपूर्वक आखलेली होती. निधीचा ताबा राज्याच्या शिक्षण खात्याकडे. शाळेने अर्ज करायचा. घेतलेली उपकरणे सरकारच्या मालकीची राहायची. सेवा धर्मनिरपेक्ष असायच्या. भिंत असलेल्या देशाने भिंतीला खिडकी पाडली. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ३० मध्ये तर अनुदान देताना अल्पसंख्याकांच्या संस्थेबाबत भेदभाव करू नये असे स्पष्ट सांगितले आहे. येथे भिंत नव्हती. निधीच नव्हता, आणि नसलेल्या निधीत भेदभाव कसा व्हावा?

मग संस्थांना निधी द्यायला हवा होता काय? येथे माझे मत अनेक संस्थाचालक बांधवांना रुचणार नाही. खासगी शाळा म्हणजे सरसकट सेवाभावी संस्था नव्हेत. सही एका रकमेवर आणि हातात दुसरी, हा प्रकार महामारीच्या कितीतरी आधीपासून सर्वांना ठाऊक आहे. काही ठिकाणी पालकांकडून फी वसूल झाली आणि शिक्षकांना घरी बसवले गेले, हेही घडले. अशा संस्थेच्या खात्यात मदत गेली असती तर ती मास्तरापर्यंत पोहोचली असती याची हमी कोण देणार? म्हणून मला तेलंगणाची वाट अधिक शहाणपणाची वाटते. तेथे अर्ज शिक्षकाने भरला, शहानिशा जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी केली, पैसे शिक्षकाच्या खात्यात गेले. जून २०२१ मध्ये कर्नाटकानेही विनाअनुदानित शिक्षकांना एकरकमी ५,००० रुपये जाहीर केले. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात सार्वजनिक अनुदानाचा जो विचार मांडला, त्याच्या केंद्रस्थानीही संस्था नाही, पालक आहेत : त्यांना आपल्या मुलांची शाळा खऱ्या अर्थाने निवडता यावी, अशा रीतीने अनुदान वाटले जावे. आपल्याकडेही कोविडने अनाथ झालेल्या मुलांसाठी केंद्राने जी योजना आखली तीत खासगी शाळेतल्या मुलाची फी देण्याची तरतूद होती. मुलाच्या नावाने गेलेली मदत कोणत्याही उंबरठ्यावर अडली नाही.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात जेरुसलेमच्या ख्रिस्तमंडळीतला एक तंटा आला आहे. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते. अन्न होते, वाढणाऱ्यांची नियत वाईट होती असेही नाही. त्या बायका वाढपींच्या ओळखीच्या नव्हत्या, इतकेच. प्रेषितांनी यावर उपदेश केला नाही. सात माणसे नेमली.

बीडच्या मास्तरांची ओळख मात्र सरकारला होती, ही यातली चमत्कारिक गोष्ट. यू-डायस नावाचे एक माहितीपत्रक दरवर्षी देशातील प्रत्येक मान्यताप्राप्त शाळा भरते. मग ती जिल्हा परिषदेची असो, अनुदानित असो वा स्वयंअर्थसहाय्यित. वर्गखोल्या किती, स्वच्छतागृहे किती, मुले किती याबरोबर शिक्षकाचे नाव, पात्रता आणि नेमणुकीचा प्रकारही त्यात लिहावा लागतो. परळीपासून आष्टीपर्यंतच्या खासगी शाळांनी ते महामारीच्या आदल्या वर्षी भरले होते, महामारीच्या वर्षीही भरले. माहिती सादर झाल्याची पोच शाळांच्या फायलींतून आजही लावलेली सापडेल.